नांगरलं की उकरलं

सिंगापुरातल्या चोआ चू कांग भागात आमच्या कॉन्डोचं लॉन असं होतं की मुंगीसुद्धा त्याच्यावर चपला काढून चालायची. मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. ती माझ्या कुठल्याही गोष्टीतून निम्मं वजा करते. तुम्ही तीन चतुर्थांश करा, तरी पुरेल इतकं उरेल.

एका सकाळी ते लॉन कुणीतरी नांगरून ठेवलेलं होतं. स्विमिंग पूलपासून मागच्या कुंपणापर्यंत. हिरवळीच्या चटया गुंडाळून बाजूला, खालची लाल माती वर आणि शोभेच्या तिन्ही पामांची मुळं उघडी, गावातल्या लग्नात एखाद्याचं धोतर सुटावं तशी. रात्रपाळीचा गार्ड गेटजवळ उभा होता. “बिग वन, सर,” म्हणाला. केवढं, म्हणून विचारलं तर त्यानं दोन्ही हात पसरले, ते पुरेनात म्हणून गेटच्या आडव्या दांड्याकडे बोट दाखवलं. तेव्हा मला कळलं की थापांच्या बाबतीत या देशात मी एकटा नाही.

रानडुक्कर होतं. कॉन्डोच्या मागे टेकडी आहे, म्हणजे सिंगापुरात जिला टेकडी म्हणतात ती. कोकणात तिला उंबरठा म्हणतील. तिच्यावरचं अर्धं रान नव्या इमारतींसाठी साफ झालं आणि उरलेल्या अर्ध्यात सगळी डुकरं मावेनात. त्यांनी खाली आमच्याकडे पाहिलं. हिरवळीखाली गांडुळं, किडे, वर मऊ माती, रोज पाणी. आम्ही ज्याला लँडस्केपिंग म्हणत होतो ते त्यांच्या लेखी वाढलेलं ताट होतं.

बागकमिटीचा प्रमुख मी. निवडणुकीच्या वेळी मी बाथरूमला गेलो होतो, परत आलो तर निवडून आलेलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ती खुर्ची मी मागून घेतली होती, आईसाठी.

बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं. सावंतवाडीच्या पुढचं गाव, घराला कुलूप, आणि डॉक्टर गाठायचा तर दीड तासाचा रस्ता, तोही वाटेत म्हशी नसल्या तर. तिचं हृदय दमलेलं होतं. इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे पंपासारखं आहे, चालतंय तोवर चालतंय, पण बाईंना एकटं ठेवू नका. आईला ते न सांगताच कळलं होतं, आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिला वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं.

“इथे पाय जमिनीला लागत नाहीत रे,” ती म्हणायची. आम्ही राहतो नवव्या मजल्यावर, त्यामुळे तक्रार शब्दशः खरी होती.

दर वर्षी गणपती जवळ आले की तिचं एकच सुरू व्हायचं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी तिच्या ताटात बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, म्हणून भाताऐवजी वरी. घाण्याला बैल असतो, म्हणून तेलाचा थेंब नाही. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, कणसं, रताळी असं हातानं लावलेलं, हातानं उपटलेलं सगळं एकत्र शिजवायचं, चिंचेचा कोळ आणि खोबरं घालायचं. ऋषीची भाजी. वर्षभर बैल आपल्यासाठी राबतो, एक दिवस त्याच्या जिवावर जेवायचं नाही, एवढाच अर्थ ती सांगायची.

मी तांजोंग पगारला एका बँकेत आहे. माझं काम दुसऱ्यांनी नियम पाळलेत की नाहीत ते बघणं, म्हणजेच नियमात फट कुठे आहे ते त्यांच्याआधी शोधणं. मी आईला सांगितलं, “सुपरमार्केटमधलं सगळं चालेल. ट्रॅक्टरचं आहे. आख्ख्या सिंगापुरात बैल नाही. हा जगातला सर्वांत ऋषिप्रिय देश आहे.”

“आणि हात कुणाचा लागलाय त्याला?” आईनं विचारलं.

मी पिशवी उचलली आणि अळू विकत आणायला निघालो.

गेल्या वर्षीच्या पंचमीला तिनं विकतच्या अळवाचं ताट पुढे ओढलं, दोन घास खाल्ले आणि सुनेला म्हणाली, “पुढच्या पंचमीला इथल्या मातीतलं, माझ्या हातचं ताटात पडलं तर समजेन ही माती मला धरते. नाहीतर गणपती झाले की मला गावी पोहोचवा.” मोठ्यानं नाही, मीठ मागावं तसं. पण माझी आई मीठसुद्धा दोनदा मागत नाही.

म्हणून मी कमिटीत शिरलो. कुंपणाला लागून, पंपाच्या खोलीमागे, एक पट्टा रिकामा होता, आपल्या देवघराच्या चौपट. तिथे मी “आशियाई वारशाच्या वनस्पती” असा प्रकल्प मंजूर करून घेतला. वारसा म्हटलं की इथे कुणी नाही म्हणत नाही. वारसा म्हणजे अळूचे कंद होते, जे आईनं गावच्या मागच्या फेरीत साडीत गुंडाळून आणले होते आणि ज्यांच्याबद्दल विमानतळावर मी तिच्यापेक्षा जास्त घामाघूम झालो होतो.

अळू लागलं. माठ लागला. आईला एक दोस्तही मिळाला. आमच्याच इमारतीतला एक चिनी म्हातारा, रोज सकाळी खिशात रेडिओ लावून फेऱ्या मारणारा. त्याला आईची भाषा येत नव्हती, आईला त्याची नाही, आणि त्यामुळे त्यांच्यात कधी वाद झाला नाही. त्यानं तिला रताळ्याचे वेल दिले. तिनं त्याला अळूची पानं दिली आणि खाजेचं सांगायचं म्हणून स्वतःचा गळा खाजवून दाखवला. तो इतका हसला की त्याची कवळी हलली. आई त्याला रेडिओवाले म्हणायची. तो तिला आंटी.

पहिल्या नांगरणीनंतर आठवडाभरानं डुकरीण परत आली, या वेळी पट्ट्यात. होय, डुकरीणच. बरोबर पिल्लं होती, अंगावर पट्टे असलेली, खरबुजं चालायला लागावीत तशी. अळू, माठ, रताळी, सगळं मुळासकट गेलं. माती हातभर खोल उलटली होती.

आई पदर खोचून बघत राहिली. मग खाली बसली आणि ढेकळांत हात घालून चुकलेले कंद शोधू लागली. “खाजरे होते म्हणून टाकलेत मेलीनं,” म्हणाली. “बरं झालं.” तिनं पायानंच माती सारखी केली, कंद परत दाबले, माठ-भेंडीचं बी टाकलं, रताळ्याचे वेल पुन्हा खोचले. पुन्हा खणायची गरजच नव्हती.

कमिटीची बैठक झाली. आमच्या चेअरमन एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर मी पन्नाशीचा माणूस अजूनही हात वर करून बोलतो.

“डुकरं येतात कशाला?” त्यांनी विचारलं.

“गांडुळांसाठी,” मी म्हणालो.

“तुमच्या वारशासाठी नाही?”

“मॅडम, त्यांनी लॉन आधी खाल्लं. वारसा नंतर. क्रम बघा.”

एकानं दिवे लावायचं सुचवलं, एकानं मिरचीचं पाणी, एकानं म्हटलं वाघाच्या मूत्राचा वास सोडावा. प्राणिसंग्रहालयात जाऊन बाटली कोण धरणार, हे मी विचारलं आणि तो ठराव बारगळला. शेवटी कुंपणाच्या तळाला जाळी ठोकायचं ठरलं. जाळी डुकरिणीनं कागदासारखी उचलली. मी सगळीकडे हीच गोष्ट सांगत फिरत होतो. ऑफिसात, पुंगोलच्या मराठी मंडळींच्या जेवणात, सगळीकडे. “असं नांगरते, असं नांगरते की बैलजोडी लाजेल.” लोक हसायचे. पुढच्या वेळी मी डुकरीण आणखी थोडी मोठी करायचो.

मग ती सकाळ आली. आईला दोन दिवस धाप लागत होती, म्हणून पट्ट्याला पाणी घालायला रेडिओवाले जात होते. मी आईला घेऊन खाली उतरलो होतो, नुसतं बाकावर बसवायला. पंपाच्या खोलीमागून रेडिओ ऐकू येत होता, एक चिनी बाई गात होती. मग पाइप पडल्याचा आवाज आला. डुकरीण त्यांच्या आणि कुंपणाच्या मध्ये अडकली होती, पिल्लं पलीकडे. यात मला काहीही वाढवायचं नाही. तिनं त्यांना पाडलं, त्यांची मांडी फाडली आणि ती जाळीखालून निघून गेली.

आई माझ्याआधी पोहोचली. दमलेल्या पंपाची बाई कशी धावली ते मला माहीत नाही. तिनं पदराचा बोळा करून मांडीवर दाबून धरला आणि अँब्युलन्स येईपर्यंत हात उचलला नाही. “काही नाही, काही नाही रेडिओवाले,” मराठीत, एकसारखं. ते तिच्याकडे बघून काहीतरी सांगत होते. रेडिओ चालूच होता.

ते जगले. पण पायाचं दुखणं वाढत गेलं आणि त्यांना त्यांच्या मुलीनं दूरच्या एका वृद्धांच्या निवासात ठेवलं. आम्ही एकदा गेलो. आईनं अळूवड्या नेल्या होत्या. त्यांनी आईला ओळखलं, गळा खाजवून दाखवला, आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

परत येताना एमआरटीच्या गाडीत आई म्हणाली, “मारून टाका तिला. माझ्या माहेरी अशानं माणसं गेलीत.”

सरकारी खात्याची माणसं आली. त्यांनी आईच्या पट्ट्याशेजारी गोल जाळीचा पिंजरा उभा केला, वरून पडणाऱ्या दाराचा. तीच जागा, कारण डुकरीण तिथेच येते. काही दिवस दार उघडंच ठेवून आत फळं आणि पाव टाकत राहिले, तिची सवय व्हावी म्हणून. आई बाकावर बसून बघायची. “रोज चारायचं आणि मग दार पाडायचं,” ती म्हणाली. कौतुकानं की कशानं, ते मला कळलं नाही.

दार पडलं त्या सकाळी आम्ही खाली गेलो तेव्हा डुकरीण आत होती. मी लोकांना सांगितलेल्या डुकरिणीच्या बरोबर निम्मी होती. बायकोचं गणित पहिल्यांदाच बरोबर निघालं. बरगड्या दिसत होत्या. दोन पिल्लं तिच्याबरोबर आत, बाकीची बाहेर, जाळीतून नाकं आत घालून. ती एकेकाच्या नाकाला नाक लावत गोल फिरत होती. तोंडाला जाळी लागून रक्त आलं होतं.

खात्याच्या माणसांनी रहिवाशांना दिसू नये म्हणून निळी ताडपत्री बांधली. ताडपत्रीनं दिसायचं थांबतं, ऐकू यायचं नाही. आईच्या हातात पाण्याचा पाइप होता. तिनं पाणी सोडलं होतं आणि ते एकाच जागी पडून तिथे डबकं झालं होतं.

“पिल्लांचं काय करणार?” आईनं मला विचारलं. “विचार त्यांना.”

मी विचारलं. तो तरुण माणूस होता, मास्क लावलेला. आईशिवाय ती जगत नाहीत, म्हणाला, त्यांचंही करावं लागतं.

“काय म्हणाला?”

“रानात सोडतात म्हणाला. मोठ्या रानात.”

आईनं नळ बंद केला. “तुला इंग्रजी येतं,” ती म्हणाली. “मला डोळे वाचता येतात.”

त्यानंतर ती डुकराबद्दल बोलली नाही. पट्ट्यात मात्र रोज जायची. आणि अळू असं उठलं की मी सांगितलं तर माझी बायको यातूनही निम्मं वजा करेल, पण मी त्या पानाखाली ऑफिसची बॅग घेऊन पावसात उभा राहिलोय. माठ लालभडक, रताळी मनगटाएवढी, भेंडी रोज. उलटलेल्या खोल मातीनं ते केलं होतं, हे शेतीतलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही दिसत होतं. चेअरमनबाई स्वतः येऊन बघून गेल्या. मी आईच्या गावच्या तिकिटाचा विषय काढणं बंद केलं. गुपचूप तिच्या इथे राहायच्या पासाची मुदत वाढवायच्या मागे लागलो. घरात आम्ही कुणी बोलत नव्हतो, पण सगळे पंचमीकडे बघत होतो, दहावीच्या निकालाकडे बघावं तसे.

गणपती आले, दीड दिवसाचे. पंचमीच्या दिवशी आईनं पहाटे स्वतः भाजी तोडली, कुणाला हात लावू दिला नाही. तेलाचा थेंब न घालता मोठं पातेलं शिजलं. घरभर चिंचेचा, अळवाचा, ओल्या खोबऱ्याचा वास. माझी लेक, जी एरवी भाजी म्हटलं की “कॅन डोंट ईट, आजी?” विचारते, ती चमच्यानं पातेल्यातून चाखत होती. “नाइस लाह, आजी.”

“लाह काय? छान म्हण.”

“छान लाह.”

आई हसली. गेल्या वर्षभरातलं ते हसू मी मोजून ठेवलं नाही, पण ते पहिलं असावं.

पुंगोलहून दर्शनाला मंडळी आली. पानं मांडली. आईनं सगळ्यांना वाढलं, शेवटी स्वतः बसली. वरीचा ढीग, शेजारी तिची भाजी, तिच्या हातची, इथल्या मातीतली. तिनं पानाभोवती पाणी फिरवलं. पुंगोलच्या मंडळींतल्या एक हसतमुख बाई कौतुकानं म्हणाल्या, “काकू, चव बघा काय आलीय. डुकरिणीनं नांगरून दिलं म्हणतात ना तुम्हाला, बैलजोडीसारखं.”

सगळे हसले. ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

आईचा हात पानावर थांबला. “नांगरून,” ती म्हणाली.

मी ताबडतोब बोलायला लागलो. “नांगरलं नाही गं आई, उकरलं. नांगरणं वेगळं, उकरणं वेगळं. उकरण्याला श्रम म्हणत नाहीत.”

“वर्षभर तूच नांगरलं म्हणतोयस.”

“ते बोलायला. आणि शास्त्रात बैल लिहिलाय. डुक्कर लिहिलंय का कुठे?”

“शास्त्र काय तुझ्या बँकेनं लिहिलंय?”

“बरं. वराहावतार घे. डुकरानं पृथ्वी उचलून वर काढली. आख्खी. मग काय आपण तिच्यावरचं खायचं सोडलं?”

पाहुणे हसत होते. त्यांना वाटलं मायलेकांची गंमत चाललीय. बायको हसत नव्हती. तिला माहीत होतं की मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर युक्तिवाद करतोय.

आई मात्र विचार करत होती, अगदी प्रामाणिकपणे. मला वाटलं, वराह लागू पडतोय. मग ती म्हणाली, “मी तिथे कुदळ लावली नाही रे. पायानं सारखं केलं फक्त. खणलं तिनं. तिच्याच्यानं आलंय हे.” पानावरचा हात मागे घेत म्हणाली, “आणि तिला काय दिलं आपण?”

“तिनं रेडिओवाल्यांचा पाय फाडला, आई.”

“बैल मारत नाही वाटतं? मारका बैलसुद्धा बैलच.”

तिनं भाजी वाटीत काढली आणि शेजारी बसलेल्या नातीच्या पानात सरकवली. मग वरीवर मीठ घेतलं आणि तेवढंच जेवली, नीट, सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत. आम्ही बाकीच्यांनी भाजी खाल्ली. अप्रतिम झाली होती. मी दोनदा घेतली, कारण न घेऊन काय होणार होतं.

संध्याकाळी बादलीत विसर्जन झाल्यावर ती म्हणाली, “मला पोहोचवशील ना?”

मी रागावलो, विनवलं, डॉक्टरांचं सांगितलं. पुढच्या वर्षी सगळं हातानं खणू म्हणालो, मी स्वतः खणतो म्हणालो, आणि हे ऐकून तिला फारच हसू आलं. पण ती एकदाच मागते.

मी तिला पोहोचवून आलो. घर उघडलं, शेजारच्यांना सांगितलं, पंधरा दिवसांची औषधं डब्यात भरली, रात्री भिंतीला कान लावून तिचा श्वास ऐकला. परत आलो तोवर कमिटीनं पट्ट्यावर हिरवळ घातली होती. चांगली बसली आहे. मुंगी चपला काढते.

मी रोज फोन करायचो. एकदा गमतीत विचारलं, “तिकडे येतात का गं डुकरं?”

“येतात की. परसात येतात रात्रीची.”

“मग? हाकलतेस का?”

“कशाला,” आई म्हणाली. “मी दार लावून घेते.”

जानेवारीत एका दिवशी तिनं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्यांना फोन केला. ते गेले, मग बराच वेळ फोन आला नाही, मग आला. दार आतून लावलेलं होतं, म्हणाले. तोडावं लागलं.